नॉर्वेतली संकष्टी

नॉर्वेची तिकिटं मी रागाच्या भरात काढली. राग बाबांवर होता. पण दिवसभर गप्प बसणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं? म्हणून मी नवऱ्याला म्हटलं, "उन्हाळ्यात आपण तिघं नॉर्वेला जातोय, बुक करून टाकलंय." तो नुसता "बरं" म्हणाला. माझं डोकं तापलेलं असलं की तो "बरं"च्या पुढे जात नाही, आणि आमचा संसार बहुधा त्यावरच टिकलाय.

दोन हजार सहा साल होतं. आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहायचो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, मी एका क्लिनिकच्या बिलिंगमध्ये. मूलबाळ नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत नाशिकला माझी आई गेली. हार्ट अटॅक, रात्री, घरातच. मी एकुलती एक मुलगी, आणि पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेजारणी आमच्याच स्वयंपाकघरात चहा करत होत्या आणि मलाच "साखर किती?" विचारत होत्या.

एप्रिलमध्ये मी बाबांना इकडे आणलं. ओढूनच आणलं. त्यांच्याकडे परतीचं तिकीट होतं, पण ते वापरायची वेळ येऊ द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. आम्ही दोघं नुकतेच सिटिझन झालो होतो, म्हणजे आता बाबांनाही कायमचं आणता येणार होतं. वरची पूर्वेची खोली त्यांच्यासाठी रंगवून घेतली होती. फक्त त्यांनी 'हो' म्हणायचं बाकी होतं. विषय काढला की ते म्हणायचे, "बघू." बाबांचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून पाठ आहे.

हेच बाबा एके काळी आमच्या सोसायटीत बोलघेवडे म्हणून ओळखले जायचे. पाटबंधारे खात्यात नोकरी, जिल्हाभर फिरती, आणि जिथे बसतील तिथे मैफल. देवधर्माचं त्यांना वावडं. आई दर महिन्याला संकष्टी करायची. दिवसभर उपास आणि चंद्र उगवल्यावर जेवण. ती गच्चीत जाऊन बघून यायची, आणि बाबा खालून विचारायचे, "काय, निघाला का तुमचा साहेब ऑफिसातून?" ते स्वतः साडेआठच्या ठोक्याला जेवायचे. कुणासाठी थांबायचे नाहीत, चंद्रासाठी तर नाहीच.

आणि नोव्हायला आल्यावर एका सकाळी हेच बाबा मला म्हणाले, "आज मला नाश्ता नको. संकष्टी आहे."

मी हसले. मला वाटलं, चला, निदान थट्टा तरी सुचली. पण त्यांनी खरोखरच दिवसभर चहा आणि मूठभर शेंगदाण्यांवर काढला. संध्याकाळी जावयाचं जाड जाकीट घालून ते आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, टोकाला जाऊन उभे राहिले. तिथे घरांची रांग संपते आणि पूर्वेकडे थोडं आकाश दिसतं. नवऱ्यानं इंटरनेटवर चंद्रोदयाची वेळ काढून दिली होती. ती त्यांनी नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "ठीक आहे, पण मला दिसला पाहिजे." त्यांना डायबेटिस. रात्रीच्या जेवणाआधी गोळी असते, आणि ती घेऊन उपाशी राहिलं की साखर उतरते. मी खिडकीत उभी राहून चरफडत होते. कुत्रं फिरवणारी एक अमेरिकन बाई थांबली आणि ते काहीतरी हरवलेलं शोधतायत असं समजून त्यांच्याबरोबर वर बघायला लागली.

पुढच्या महिन्यातही तेच. एरवी तोंडाला कुलूप. आमच्याकडे उन्हाळ्यात तळ्याकाठी सगळ्यांचे आईवडील जमायचे. कुणाच्या मुलानं किती बेडरूमचं घर घेतलं यावर रोज चर्चासत्र. काका, या ना, म्हणून त्यांना बोलावणी यायची. बाबा मान हलवायचे आणि दुसऱ्या बाजूनं फेरी मारायचे. घरी आले की टीव्हीसमोर. मी कामावरून आले की माझे प्रश्न सुरू व्हायचे. गोळी घेतली? फळ खाल्लं? कंटाळा आला का? काही हवंय का? आणि त्यांची उत्तरं: हो, हो, नाही, नाही.

एकदा टीव्हीवर मध्यरात्रीच्या सूर्यावर काहीतरी चाललं होतं. बाबा म्हणाले, "हे बघायला पाहिजे एकदा." आता असं आपण कशाबद्दलही म्हणतो. पण ते त्यांचं त्या आठवड्यातलं पहिलं पूर्ण वाक्य होतं, आणि मी त्यावर झडप घातली. नवऱ्याच्या ऑफिसात माणसं कमी करणं चाललं होतं. सुट्टी घेतली नाही तर तीही जायची आणि कदाचित नोकरीही, म्हणून सुट्टी तरी घेऊ, असा आम्ही हिशेब केला. भाडं बघितलं, हवामान बघितलं, बाबांच्या व्हिसाची धावपळ केली, गरम कपडे घेतले, लहान राइस कुकर आणि मेतकुटाची बरणी बॅगेत भरली. बाबांनी नाशिकहून आणलेलं कॅलेंडर आमच्या फ्रिजशेजारी टांगलेलं होतं. त्यावर तिथी होत्या, लाल अक्षरात संकष्टी होती, नाशिकचा चंद्रोदयसुद्धा होता. तारखा ठरवताना ते कुणी उलटून बघितलं नाही. बाबांनीही नाही, आणि त्यांनी मुद्दाम बघितलं नाही की काय, हे मला आजही सांगता येत नाही.

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला उतरलो तेव्हा आभाळ राखाडी होतं आणि पुढेही बहुतेक राखाडीच राहिलं. गावाबाहेर पाण्याकाठी आम्ही एक लाकडी केबिन घेतली होती. समोर फिओर्ड, म्हणजे डोंगरात घुसलेला समुद्र, आणि पलीकडे बर्फाचे पट्टे उरलेले काळे डोंगर. सुंदर होतं, नाही म्हणणार नाही. पण त्या सौंदर्यात माणूस नव्हतं. रस्त्याकडेला लाकडी मांडवांवर मासे सुकत घातलेले होते. त्यांचा वास गाडीत शिरला की बाबा मफलर नाकावर ओढायचे. रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांचं एक म्युझियम बघितलं. मी प्रत्येक पाटी वाचून मराठीत सांगत होते. बाबा बाकावर बसले आणि म्हणाले, "तू बघून ये, मी आहे इथे."

एका रात्री ढग फाटले आणि तो सूर्य दिसला. डोंगराच्या वर, पिवळा, मावळायला तयार नसलेला. आम्ही दोघं फोटो काढत सुटलो. बाबा पायरीवर बसून बघत होते. मी विचारलं, "कसं वाटतंय?" म्हणाले, "बरं आहे. पण संध्याकाळच होत नाही इथे. दिवस संपवायचा कसा माणसानं?" मला वाईट वाटलं आणि रागही आला. एवढ्या लांब आणलं ते हे ऐकायला का, असं मनात आलं.

दोन दिवसांनी सकाळी मी टोस्ट पुढे केला तर त्यांनी ताटली बाजूला सरकवली. "आज संकष्टी आहे."

मी ताटली पुन्हा पुढे ढकलली. "बाबा, प्रवासात नाही केली तरी चालते."

"चालत असेल."

"आजारी माणसाला माफ असते. तुम्हाला डायबेटिस आहे."

"असू दे."

"आई असती तर तिनं तुम्हाला हाताला धरून खायला बसवलं असतं."

"तुझी आई असती," बाबा म्हणाले, "तर मी ही धरलीच कशाला असती?"

मी ताटली उचलली. दिवसभर आम्ही गाडीनं फिरलो. एक लाकडी चर्च, एक बेट, पुन्हा मांडव, पुन्हा मासे. बाबांनी थर्मासमधला चहा घेतला. मी मागे वळून वळून त्यांच्याकडे बघत होते आणि ते खिडकीबाहेर. केबिनवर आल्यावर मी कुकर लावला, वरण फोडणीला टाकलं. नवरा चंद्रोदयाची वेळ बघायला केबिनच्या ऑफिसात गेला, तिथे पाहुण्यांसाठी कॉम्प्युटर होता.

तो परत आला ते कुणाची तरी नोकरी गेल्यावर घरी आणायचा तसा चेहरा घेऊन. माझा नवरा भला माणूस आहे, पण त्याला खोटं बोलता येत नाही. आणि नेमकं नको तेव्हा खरं बोलता येतं.

"बाबा," तो म्हणाला, "आज इथे चंद्र उगवतच नाही."

"ढग आहेत म्हणून?"

"नाही. उगवतच नाही. आपण इतके उत्तरेला आहोत की जसा सूर्य खाली जात नाही, तसा आज चंद्र वर येत नाही. उद्या थोडा वेळ येईल, पण तोही या डोंगरांमागे."

मी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर भस्म झाला असता. बाबांनी मात्र शांतपणे मान हलवली. "मग उद्या बघू."

"उद्या?" मी म्हटलं. "बाबा, गोळी घेतली का तुम्ही?"

"घेतली. नेहमीच्या वेळेला."

मी त्यांचा हात हातात घेतला. गार, घामानं ओला, आणि बोटं थरथरत होती. साखर उतरत चालली होती. मी घाईघाईनं ग्लासात साखर ढवळली आणि त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी तोंड मिटून घेतलं. साठी उलटलेला माझा बाप, कपाळावर घाम, बाहेर लख्ख उजेड, आणि हा माणूस लहान पोरासारखा मान फिरवतोय. माझा तोल गेला.

"मरायचंय का तुम्हाला?" मी ओरडले. "मरायचंच असेल तर तसं सांगा, मी तरी कशाला जीव काढतेय? पावसाळ्यात ढग असले की आईसुद्धा कॅलेंडरातल्या वेळेवर जेवायची. मी बघितलंय. मग तुमचंच हे काय नवीन?"

"ती तशी सोडू शकत होती," बाबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "तिची होती ती. मला नाही सोडता येत."

"का पण?"

"ती गेली त्या दिवशी संकष्टी होती."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री, घरात, हार्ट, एवढंच मला सांगितलं गेलं होतं.

"मोदक करून ठेवले होते तिनं," बाबा सांगत होते. मध्येच शब्द अडखळत होते. "चंद्राला वेळ होता. मला वाढलं. साडेआठला जेवलो मी, नेहमीसारखा. टीव्ही बघत बसलो. ती खुर्चीत बसली होती, म्हणाली जरा गळून गेल्यासारखं होतंय. मी म्हटलं, उपास करा आणखी. थट्टा केली ग मी. नंतर बघितलं तर... उपाशी गेली ती. मी पोटभर जेवलो होतो आणि ती उपाशी गेली."

मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. त्यांची मान एका बाजूला कलायला लागली होती.

नवरा म्हणाला, "नाशिकला तर केव्हाच उगवला असेल." बाबांनी डोळे मिटूनच मान हलवली. मला काही सुचेना, तेव्हा समोरचे काका आठवले. नाशिकला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, बाबांचे पत्त्यांचे भिडू. दोघं रोज भांडायचे आणि रोज खेळायचे. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. नवऱ्याचा ऑफिसचा मोबाइल परदेशात चालायचा, त्यावरून मी नंबर फिरवला. बराच वेळ वाजल्यावर काकांनी उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. संकष्टी, इथे चंद्र नाही, साखर उतरलीय, ऐकत नाहीत.

काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "फोन त्यांना ऐकू येईल असा धर." मी स्पीकर लावून फोन बाबांपुढे धरला.

"काय साहेब," काका म्हणाले, "परदेशात जाऊनही आमची झोपमोड करायची सोडली नाहीत. थांबा, वर जाऊन बघून सांगतो. ठेवू नका."

चपला वाजल्या. मग जिना. काकांचे गुडघे गेलेले, प्रत्येक पायरीला त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं. कडी सरकल्याचा आवाज झाला. आणि दार उघडल्याबरोबर फोनमधून पाऊस कोसळायला लागला. आमच्या गच्चीच्या दारावर पत्रा आहे, त्यावर तडातड वाजणारा, जोराचा, भरलेला पाऊस. नवरा माझ्याकडे बघत होता, मी बाबांकडे.

"दिसला," काका म्हणाले. पावसामुळे त्यांना ओरडावं लागत होतं. "दिसला हो. चांगला मोठा आहे. मी बघितला डोळ्यांनी. आता जेवून घ्या."

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी नोकरीभर धरणांवर पाऊस मोजला होता. पत्र्यावरच्या आवाजावरून किती पडतोय ते सांगणारा माणूस. ते फोनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरं. भिजू नका आता. खाली जा."

मग त्यांनी माझ्या हातातला ग्लास स्वतः घेतला आणि सगळा प्यायले. थोड्या वेळानं हात थांबले. मी वरणभात कालवून दिला, तोही त्यांनी मुकाट्यानं खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. नवऱ्यानं खिडकीचे जाड पडदे ओढून घेतले. मी बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले. आईसाठी रडले, आणि जीव वाचला म्हणूनही रडले. मला वाटलं, मनात साठलेलं बाहेर आलं, आता बाबा सुटतील. आता ते हो म्हणतील.

दुसऱ्या दिवशी ते पायरीवर चहा घेत बसले होते. चेहरा जरा बरा होता. मी शेजारी उभी राहून विचारलंच. "बाबा, आता राहाल ना आमच्याकडे? वरची खोली तुमचीच आहे."

"मला नाशिकला पाठव," ते म्हणाले. "लवकरात लवकर."

"काल एवढं झाल्यावर? तिथे एकटे राहणार? तिथे साखर उतरली तर कोण आहे बघायला?"

"तो जिना चढून गेला ग," बाबा म्हणाले. "त्या गुडघ्यांनी, तसल्या पावसात. आणि खोटं बोलला माझ्यासाठी."

मला ते लागलं. खरंच लागलं. "आणि मी? मी काय केलं मग? ग्लास घेऊन तुमच्या डोक्याशी कोण उभं होतं?"

"तूच होतीस. तू नसतीस तर मी काल गेलोच होतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तू माझी काळजी करतेस. उठल्यापासून झोपेपर्यंत काळजीच करतेस. चुकतंय असं नाही म्हणत मी. पण मला कुणीतरी नुसतं बरोबर बसायला हवंय."

मी आत निघून गेले आणि भांडी आपटत घासली. उरलेल्या दिवसांत आम्ही ठरल्याप्रमाणे सगळं बघितलं. नवऱ्यानं गाडीत दोनदा विनोद करायचा प्रयत्न केला, मग रेडिओ लावला. बाबांचं मन वळवायला मी डॉक्टरांची भीती घातली, पैशांची घातली, शेवटी आईची शपथही घातली. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि या वेळी 'बघू' म्हणत नव्हते, सरळ 'नाही' म्हणत होते.

नोव्हायला परतल्यावर मी त्यांचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. जुलैमध्ये आम्ही त्यांना डेट्रॉइट एअरपोर्टला सोडायला गेलो. नवरा गाडी लावायला गेला. व्हीलचेअर सांगितली होती, ती यायला वेळ होता. बाबा बाकावर बसले आणि मी त्यांच्यापुढे उभी राहून पर्स उपसत होते. पासपोर्ट आहे? गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवल्यात ना? ॲमस्टरडॅमला विमान बदलताना कुणाला विचारायचं, ते लिहून दिलंय. स्वेटर वर ठेवलाय. बिस्किटं या खिशात आहेत, चक्कर आली तर आधी ती खा. पोचल्याबरोबर फोन करा. काकांना स्टेशनवर, नाही, मुंबईलाच गाडी पाठवायला सांगितलंय.

बाबांनी माझं मनगट धरलं. "बस ना ग जरा," म्हणाले.

मी पर्स बंद केली. बॅग सरकवून त्यांच्या शेजारी जागा केली आणि बसले. तेवढ्यात व्हीलचेअर घेऊन माणूस आला आणि त्यानं त्यांचं नाव घेतलं.